वाढत आलेले तांदूळ

परवा आमच्या सोसायटीच्या लिफ्टमध्ये एक सूचना चिकटवलेली दिसली. ‘गच्चीवर पापड, मिरच्या, गाद्या व तत्सम वस्तू वाळत घालू नयेत.’ खाली सेक्रेटरींची सही. मला हसूच आलं. बोरिवलीच्या या उंचच उंच इमारतीत पापड घालणारं उरलंय कोण? मिरच्या पूड होऊन पिशवीतून घरी येतात. गादीला ऊन दाखवायचं म्हटलं, तर माझ्या सुनेला आधी ते का दाखवायचं हे समजावून सांगावं लागेल. सूचना लिहिणाऱ्या गृहस्थांना बहुधा एकाएकी आपल्या आईची आठवण झाली असावी, आणि ती निदान गच्चीवर तरी नको, असं वाटलं असावं.

घरी येऊन मी गॅलरीत बसले. वैशाखातली दुपार. समोरच्या इमारतींच्या काचांवर ऊन नुसतं आदळत होतं. “एवढं ऊन फुकट चाललंय,” मी म्हणाले आणि माझी मीच दचकले. आवाज माझा होता, वाक्य आईचं होतं. आईच्या लेखी ऊन ही देवाने फुकट दिलेली वस्तू, आणि फुकट मिळालेली वस्तू वाया घालवण्याइतकं मोठं पाप नाही. मे महिन्यात ती सूर्याला एक क्षण रिकामा बसू देत नसे.

आमची वाडी अंधेरीला, वर्सोव्याकडे जाणाऱ्या रस्त्यालगत होती. कौलारू खोल्यांची एक रांग, पुढे शेणाने सारवलेलं सामाईक अंगण, कडेला विहीर आणि एक चिकूचं झाड. सत्तर सालाच्या अलीकडे-पलीकडे अंधेरीत अजून रात्री कोल्हे ओरडायचे, हे आता सांगितलं तर नातवंडं माझ्याकडे संशयाने बघतात. मे महिन्यात आमच्या अंगणाला एक वास कधीच नसे. सकाळी मिरच्या भाजल्याचा ठसका, दुपारी आमसुलांचा आंबट, मिठाळ वास, आणि वारा समुद्राकडून फिरला की वर्सोव्याच्या सुक्या बोंबलांचा. पाहुणे नाक मुरडायचे. आम्हाला मात्र त्या वासांनी भूक लागायची.

या सगळ्याला घरात एकच शब्द होता, आगोट. पावसाळ्याच्या चार महिन्यांत घर अडू नये म्हणून आधीच भरून ठेवायचं ते सगळं म्हणजे आगोट. तांदूळ, मसाला, मीठ, सुकी मासळी, कांद्याच्या माळा, लाकडं, कोळसा. पाऊस लागला की वर्सोव्याच्या होड्या किनाऱ्यावर चढायच्या, ताजी मासळी बंद व्हायची, वखारीतली लाकडं ओली व्हायची आणि आमच्या रस्त्यावर गुडघाभर पाणी साचायचं. मग घरात जे असेल ते. बाईची किंमत आगोटीवरून व्हायची. जुलैच्या मध्यावर जी बाई शेजारी वाटी घेऊन गेली, तिच्याविषयी वाडीत कुणी उघड काही बोलत नसे, पण वाटी भरून देताना जरा हळूच बघून घेत.

आईची वाटी कधी बाहेर पडली नाही. बाबा मी लहान असतानाच गेले होते, दादा नुकता साकीनाक्याच्या एका कारखान्यात लागला होता, आणि घर चालत होतं ते आईच्या काटकसरीवर. तिची काटकसर रडकी नव्हती. तिला त्यात मजा यायची. कोळशाच्या पोत्याच्या तळाशी चुरी उरली की ती शेणमातीत कालवायची आणि मला तिचे गोळे वळायला बसवायची. ते वाळले की बंबात घालायचे. साबणाची वडी झिजून चकती झाली की नव्या वडीच्या पाठीवर ती दाबून बसवायची. पुडीचा दोरा गुंडाळून ठेवायचा. तांदळाचं धुवण चिकूच्या झाडाला, भाताची पेज दादाच्या शर्टाच्या कॉलरला, चहाचा चोथा तुळशीला. जुन्या लुगड्याची गोधडी व्हायची, गोधडी विरली की पायपुसणं, पायपुसणं विरलं की चुलीजवळचं फडकं, आणि मग ते एक दिवस बंब पेटवायला जायचं. जाताना आई त्याच्याकडे बघून म्हणायची, “चांगला चललां हां बापडां.”

तांदूळ पत्र्याच्या उंच पिंपात असायचे. त्यात एरंडेलाचा हात फिरवलेला, वर कडुलिंबाचा पाला. रोज आई मापाने तांदूळ काढायची आणि त्यातली एक मूठ परत पिंपात टाकायची. का, असं मी विचारलं की म्हणायची, “पिंपाक बरां वाटता.” त्या पिंपाचं झाकण आईशिवाय कुणी उघडत नसे. तसा काही नियम नव्हता. पण उघडत नसे.

आणि एक गोष्ट होती. आमच्या घरात काही संपत नसे. म्हणजे संपायचं सगळंच, पण तसं म्हणायचं नाही. दिवा विझवायचा नाही, वाढवायचा. बांगडी फुटली नाही, वाढली. हे पुष्कळ घरांत असतं. आईने मात्र हा नियम थेट स्वयंपाकघरापर्यंत ओढला होता. मीठ वाढलं, तेल वाढलं, रॉकेल वाढलं. मी लहानपणी वाण्याच्या दुकानात जाऊन, “काका, आमच्याकडची साखर वाढली,” असं सांगायची आणि तो बिचारा निमूट साखर मोजायचा. नाही, सरलं, संपलं हे शब्द घरात उच्चारले तर भिंती ऐकतात आणि तसंच होतं, असं तिचं म्हणणं. आम्हाला त्याची इतकी सवय होती की त्यात काही वेगळं आहे, हे कधी लक्षातच आलं नाही.

आता माझ्या सुनेच्या फोनवर एखादी वस्तू नसली की ती करड्या रंगाची होते आणि तिच्यावर ‘आउट ऑफ स्टॉक’ अशी पट्टी येते. सून खांदे उडवते आणि दुसरी मागवते. दहा मिनिटांत बेल वाजते. तिला मी नावं ठेवत नाही. ती नोकरी करते, दमून येते, आणि एवढ्याशा स्वयंपाकघरात चार महिन्यांची आगोट ठेवायची तर आम्हाला जिन्यात झोपावं लागेल. पण ती पट्टी बघितली की मला उगाच वाटतं, किती सहज म्हणतात ही माणसं नाही म्हणून.

तर अशा घरात वहिनी आली.

वहिनीचं नाव शालिनी, आई तिला शालू म्हणायची. वहिनी भुसावळची. तिचे वडील रेल्वेत, घर रेल्वेच्या क्वार्टरमध्ये. मॅट्रिक झालेली, उंच, भराभर चालणारी. मी तेव्हा अकरावीची परीक्षा देऊन रिकामी झाले होते आणि वहिनी माझ्याहून जेमतेम चार-पाच वर्षांनी मोठी. लग्नानंतर चारच दिवसांत मी तिच्या मागे-मागे हिंडायला लागले. तिच्याकडे कापडाच्या चिंध्यांपासून बाहुल्या करायची कला होती, पोळी फुगवून फट् असा आवाज काढायची कला होती, आणि हसताना तोंडावर पदर न घेण्याचं धाडस होतं.

काटकसर तिलाही येत होती, पण ती वेगळ्या गावची काटकसर होती. दोडक्याच्या शिरा आई टाकून द्यायची, वहिनी त्यांची तिळाबरोबर चटणी करायची. आई माशाचं डोकं कालवणात घालायची, आणि वहिनी ते डोकं बघून दुसरीकडे बघायची. खानदेशात उन्हाळा म्हणजे वाळवणाचा. कुरडया, बिबड्या, उडदाचे पापड, शेवया. तिच्या आईच्या माळ्यावर वर्षाचे डबे भरलेले असत. आमच्या आईच्या हिशेबात पापड म्हणजे ताटाच्या कडेची वस्तू. “पापड खावन् कोणाचा पोट भरता गो?” ती विचारायची, आणि वहिनी गप्प बसायची. ती गप्प बसली की मला बरं वाटत नसे.

खरं सांगायचं तर वर्षभरात आईने तिला चुलीजवळ येऊ दिलं होतं, पण पिंपाजवळ नाही. वहिनी पोळ्या करायची, भाजी करायची. तांदूळ मात्र आईच मोजून द्यायची, दाराशी आलेल्या शेजारणीला मोजून द्यावेत तसे. एकदा वहिनीने झाकणाला हात लावला, तर आई कुठूनशी आली आणि म्हणाली, “मी देतंय, तू रव.” आवाज गोडच होता. वहिनी मागे सरकली. त्या दिवशी विहिरीवर ती मला म्हणाली, “बेबी, मी या घरात अजून पाहुणीच आहे गं.”

मुलुंडच्या खोलीची गोष्ट त्याच सुमाराला निघाली. वहिनीच्या मामांनी मुलुंडला एक खोली बघून ठेवली होती, दादाला पटली तर तिथे दोघांनी वेगळं बिऱ्हाड करायचं. दादा आईला सोडायला तयार नव्हता आणि वहिनीला रडवायलाही तयार नव्हता. अशा वेळी पुरुष करतात तेच त्याने केलं. म्हणाला, “आगोट होऊ दे, मग बघू.” मला ते आतल्या खोलीतून ऐकू आलं. मुलुंड तेव्हा आम्हाला परगावच वाटायचं.

त्याच वर्षी बापूमामाच्या मुलीचं लग्न निघालं, मालवणकडच्या आमच्या गावी. बापूमामा आईचा धाकटा भाऊ. आईला जाणं भागच होतं, आणि लग्न नेमकं मेच्या मध्यावर. लग्नाला जायचं आणि आगोटही घालायची, दोन्ही होणं शक्य नव्हतं. दोन दिवस ती घरात पाय आपटत फिरली. मग तिसऱ्या दिवशी सकाळी मसाला भाजता भाजता, वहिनीकडे न बघताच म्हणाली, “शालू, ह्या वर्साची आगोट तुझ्यार सोडतंय.”

वहिनीच्या हातातली सांडशी वाजली. मी वहिनीकडे बघितलं. तिचे कान लाल झाले होते. दादा कामावर जायला निघाला होता, तो दारातच थांबला आणि चप्पल घातलेली पुन्हा काढून पुन्हा घातली. आम्हा तिघांनाही कळलं होतं की मुलुंडचं काय ते आता या आगोटीवर ठरणार. आईला मुलुंडचं माहीत होतं की नाही, हे आजतागायत मला ठाऊक नाही.

आई निघाली तेव्हा मी बाहेर तिचं वळकट धरून उभी होते. आत, उंबऱ्याजवळ, आई वहिनीला भराभर सूचना देत होती. मसाल्याच्या बरणीला फडकं बांध. मासळी हिराबायकडूनच घे. लाकडं आंब्याची नको. आणि शेवटी, असं मला वहिनीनेच मागाहून सांगितलं, आई म्हणाली, “पिंपातले तांदूळ वाढत इलेहत, ध्यान ठेव.”

वहिनीने मान डोलावली. आई बोटीला गेली.

मग आमचे ते दिवस सुरू झाले, आणि आयुष्यातल्या सुखाच्या दिवसांची मोजणी कुणी मला करायला लावली तर मी हे दिवस आधी मोजीन. घरावर आईची नजर नव्हती. वहिनी पहाटे उठायची, केस वर बांधायची आणि कामाला लागायची. मसाला डंकावरून कुटून आला, तो आम्ही बरणीत दाबून भरला आणि दोघींच्या नाकातोंडातून पाणी वाहायला लागलं. शिंकत शिंकत हसलो. कांद्याच्या माळा वाशाला टांगल्या. कोळशाचे गोळे मी वळले. आणि एका सकाळी वहिनी पिंपाजवळ गेली, जरा घुटमळली, आणि झाकण काढलं.

आत अर्ध्याला थोडे कमी तांदूळ होते. वहिनीने विचार केला. आई म्हणाल्या, वाढत आलेत. म्हणजे त्यांच्या हिशेबाने हे जास्त झालेत. पावसाळ्यात त्यात किडे पडणार. ‘ध्यान ठेव’ म्हणजे वाया जाऊ देऊ नकोस. रेशनचे नवे येतीलच. वर्षभरात वाण्याकडे ‘वाढलं’ सांगायला मीच धावायची, आणि पिंपाविषयी आई वहिनीशी कधी बोललीच नव्हती. भुसावळला कधी कुणी तांदूळ ‘वाढल्याचं’ ऐकलं नव्हतं. तिथे संपलं की संपलं म्हणत, आणि वाढलं की जास्त झालं म्हणत. आणि जास्त झालेल्या तांदळाचं काय करायचं, हे खानदेशातल्या मुलीला शिकवायला लागत नाही.

“बेबी, आपण तांदळाच्या पापड्या करू,” ती म्हणाली. “आईंना आल्यावर दाखवू.”

“आईने सांगितलं?” मी विचारलं.

“त्यांनीच सांगितलं, वाया घालवू नको म्हणून.”

आईने सांगितलं म्हटल्यावर आमच्या घरात पुढचा प्रश्न नसे. घागरीत, पातेल्यांत, बादलीत तांदूळ भिजले. रोज पाणी बदलायचं. घरभर एक आंबूस, थंडगार वास भरला. मग ते निथळून, सावलीत सुकवून गिरणीतून दळून आणले. जिरं आणि पापडखार घालून वहिनी उकड काढायची, आणि त्या उकडीवर कच्चं तेल आणि किंचित मसाला घालून ती मला वाटीत द्यायची. अजून सांगते, त्या उकडीपुढे पुढच्या पापड्या म्हणजे नुसती औपचारिकता. मी इतकी उकड खाल्ली की दुपारी चटईवर आडवी पडून राहायची आणि वहिनी म्हणायची, “ऊठ गं, ऊन चाललंय.” ती आईसारखं बोलायला लागली होती. तिला ते कळलं नव्हतं.

अंगणात जुनी धोतरं अंथरून आम्ही पापड्या घातल्या. पांढऱ्या, पातळ, चंद्राएवढ्या गोल. कावळ्यांना हाकलायला माझ्या हातात वेळूची काठी. चिकूच्या झाडाची सावली सरकेल तशी आम्ही धोतरं सरकवायचो. वाडीतल्या बाया येऊन उभ्या राहायच्या. “शालू, हात गो तुझा! मशीन हाय नुसतं,” एक म्हणाली, आणि वहिनीचे कान पुन्हा लाल झाले. दादा संध्याकाळी यायचा, कच्चीच पापडी तोडून खायचा, आणि वहिनीकडे असा बघायचा की मी उठून विहिरीवर जायची.

त्या आठवड्यात जेवायला पोळ्या, भाकऱ्या होत्या. रेशनवर गहू आणि मिलो, म्हणजे ती अमेरिकेची लाल ज्वारी, एवढंच मिळालं. तांदूळ आला नव्हता. पुढच्या आठवड्यातही आला नाही. वहिनीला त्याचं काही वाटलं नाही, भुसावळला भात सणावाराला असायचा. दादाला वाटलं पण तो बोलला नाही. पिंप पुसून, ऊन दाखवून, नव्या तांदळांसाठी कोरडं करून ठेवलं होतं.

आई यायच्या आदल्या दिवशी हिराबाय आली. वर्सोव्याची हिराबाय वर्षानुवर्षं आमच्याकडे मासळी घालायची, तिची आणि आईची मैत्री भांडणावर उभी होती. टोपली उतरवून ती ओट्यावर बसली. बोंबील, सुकट, सोडे, सगळं वहिनीने नीट बघून, उलटंपालटं करून घेतलं. आता तिला माशांकडे बघता येऊ लागलं होतं.

“तुजी सासू कवा येतं?” हिराबायने विचारलं.

“उद्या. बापूमामा येणार आहेत बरोबर, आणि त्यांचे नवे जावई.”

“मंग तांदूल भरलं का नाय? जावई हाय, भात लागंल मोप.”

“भरायचे कशाला?” वहिनी हसत म्हणाली. “आई जाताना म्हणाल्या, तांदूळ वाढत आलेत म्हणून. मी त्यांच्या पापड्या केल्या. बेबी, दाखव गं डबा.”

माझ्या हातातली सुकट खाली पडली. मी वहिनीकडे बघितलं, हिराबायने माझ्याकडे बघितलं. “वहिनी,” मी म्हणाले, “वाढले म्हणजे… आई तसं म्हणते. म्हणजे संपत आलेत.”

वहिनी उठली. ती आत गेली, पिंपाजवळ उभी राहिली, झाकण उघडून आत बघितलं. तिला माहीत होतं आत काही नाही. तरी बघितलं.

हिराबाय म्हणाली, “रडतं कशाला गो? कोलीवाड्यात बगतं मी, कुनाकडं तरी असंल तांदूल. दोन पायली आनतं.”

“नको,” वहिनी म्हणाली. तिने डोळे पुसले. “मागून आणून पिंप भरायचं आणि आईंना सांगायचं नाही, ते माझ्याच्याने होणार नाही. त्यांनी माझ्यावर घर टाकलं होतं. मी ते पापड्यांत घातलं. तसंच सांगेन.” मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, “बेबी, आता मुलुंडच बरं. निदान तिथे मी चुकले तर माझंच चुकेल.”

त्या दिवशी दादा दोन रेशन दुकानं आणि एक ओळखीचा वाणी पालथा घालून हात हलवत परत आला. तांदूळ नव्हता. दुसऱ्या दिवशी दुपारी आई आली. मोसमाची शेवटची बोट, चेहरा उन्हाने रापलेला, गाठोड्यांत आमसुलं, कुळीथ, फणसपोळी. तांदूळ आणणं तिच्या नशिबात नव्हतं. मुंबईत बाहेरून तांदूळ आणायला तेव्हा बंदी होती, बाकीची माणसं वळकट्यांत लपवून आणायची, पण आईला पोलीस दिसला की उचकी लागायची. मागे बापूमामा, टोपी सरळ करत. त्यांच्या मागे नवे जावई, नवं घड्याळ दिसेल असा हात धरून.

पाहुणे ओट्यावर बसले. पाणी झालं. आई आत आली, पदर खोचला आणि सवयीने सरळ पिंपाकडे गेली. मी आणि वहिनी भिंतीला टेकून उभ्या होतो. झाकण वाजलं. आईने आत हात घातला. हात तळापर्यंत गेला आणि पत्र्याला लागून ठक्क आवाज आला.

“खंय गेले तांदूळ?”

वहिनी पुढे आली. तिने एकही शब्द गाळला नाही. तुम्ही म्हणालात वाढत आलेत, मला वाटलं जास्त झालेत, किडे पडतील म्हणून मी पापड्या केल्या. सगळ्यांच्या. असं म्हणून तिने तो मोठा डबा आईपुढे ठेवला आणि झाकण काढलं. आत पांढऱ्याशुभ्र पापड्या रचलेल्या होत्या, एकावर एक, अगदी कडेपर्यंत.

आई डब्याकडे बघत राहिली. मग तिने एक पापडी उचलली, उजेडात धरली. आरपार दिसत होतं. बाहेर बापूमामा मोठ्याने जावयांना सांगत होते, की आमच्या ताईच्या हातचा भात आणि बांगड्याचं सार खाल्लं की माणूस आठवडाभर बोटं चाटतो. जावई हसले. ते हसणं ऐकून वहिनीने डोळे मिटले.

कोकणातल्या माणसाला, तेही भावाच्या नव्या जावयाला, घरात बोलवायचं आणि ताटात भात नाही, याहून मोठी नामुष्की आईच्या जगात नव्हती. आणि तिच्यापाशी दहा वाटा होत्या. शेजारी वाटी पाठवता आली असती. तांदळाला किडे लागले, असं सांगता आलं असतं. सुनेने घोळ घातला, असं हळू आवाजात, डोळे फिरवून सांगता आलं असतं, आणि बापूमामांना ते लगेच पटलं असतं, कारण सून घाटावरची. वहिनी त्याचीच वाट बघत होती. मीही.

आईने पापडी डब्यात ठेवली, उंबऱ्यात जाऊन उभी राहिली आणि वाडीभर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “बापू, आज घरात भात नाय.”

बापूमामांच्या हातातला पाण्याचा तांब्या तसाच राहिला. जन्मात पहिल्यांदा त्यांनी आपल्या बहिणीच्या तोंडून तो शब्द ऐकला असेल. मी तर ऐकलाच नव्हता.

“तांदूळ संपले,” आई पुढे म्हणाली. तोही शब्द तिने म्हटला, सरळ, भिंतींना ऐकू जाईल असा. “मी सांगलंय एक, माझ्या सुनेन आयकल्यान दुसरा. चूक माझी. ती भुसावळची, तिका आमची भाशा कोण शिकवतला? मी शिकवक होया होता. आज कुळथाची पिठी नि पोळी खावा. आणि माझ्या सुनेन पापड केल्यान हत, तसे तुमच्या मालवणात कोणाक येनत नाय.”

मग ती वळली. वहिनी तोंडाला पदर लावून रडत होती. आईने तिच्याकडे बघितलं, आणि जरा रागावूनच म्हणाली, “रडतंस काय? तेल तापत ठेव. जावई बसलोहा भायर.”

पापड्या तळल्या तेव्हा त्या कढईत हातभर फुलल्या. जावयांनी इतक्या खाल्ल्या की शेवटी बापूमामांना त्यांच्या पाठीवर हात ठेवावा लागला. आईने स्वतः पिठीत पापडी चुरून खाल्ली आणि दुसरी घेतली. जेवणं झाल्यावर ती पिंपाजवळ गेली, झाकण घट्ट बसवलं आणि वहिनीला म्हणाली, “आता तांदूळ इले की तूच भर. माझा कंबार दुखता.” तिची कंबर तेव्हा ठणठणीत होती. पुढची वीस वर्षं ती तशीच ठणठणीत राहिली.

चार-पाच दिवसांनी वहिनीचे मुलुंडचे मामा आले. खोलीवाला उत्तर मागत होता, दुसरं गिऱ्हाईक उभं होतं. दादा खाली मान घालून पेपर वाचत बसला, तो पेपर उलटा होता. आई आत भांडी लावत होती, आणि भांड्यांचा आवाज एकदम बंद झाला.

वहिनीने मामांना चहा दिला, बशीत दोन पापड्या ठेवल्या. हात पुसत म्हणाली, “मामा, त्याला दुसरं गिऱ्हाईक बघायला सांगा. ढग यायला लागलेत, आणि आमची लाकडं अजून भरायची आहेत.”